तिसरीचा वर्ग, पट ४१, बाई एकट्या: छोट्या गटांत शिकवणं जमवायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजले. नागपुरातली अनुदानित शाळा, तिसरीचा वर्ग, पट ४१ आणि शिकवायला तुम्ही एकट्या. दहा-बारा मुलं गोष्ट सरळ वाचतात, मधली बरीच जोडाक्षरापाशी अडखळतात आणि आठ-नऊ जणांना अजून वेलांटी-उकारही लागत नाहीत. प्रशिक्षणात सांगितलं म्हणून तुम्ही गट केले. पण एका गटाजवळ बसलं की बाकीचे वर्ग डोक्यावर घेतात, म्हणून दोन आठवड्यांत ते सोडून दिलं. आता विचारता की गट पाडताना काही चुकलं, की ही पद्धतच मोठ्या पटाच्या वर्गात चालत नाही?

मला दोन्ही पटत नाही. गट पाडणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, ते तुम्ही नीटच केलं असणार. खरी अडचण गटाबाहेरच्या चौतीस मुलांची आहे. तुम्ही सात जणांना घेऊन बसता त्या पंधरा मिनिटांत आपण काय करायचं, कसं करायचं, अडलं तर कोणाला विचारायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. ते आपोआप येत नाही. बेरीज शिकवतो तसं ते शिकवावं लागतं, आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात. प्रशिक्षणात हा वेळ कोणी धरतच नाही.

मी पुढे सांगतेय ते महापालिकेच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवताना जमलेलं आहे. तुमच्याकडे काही गोष्टी वेगळ्या असतील. वर्गात जड बाकं असतील तर मुलांना हलवण्यातच वेळ जातो; त्यापेक्षा फळ्याखाली एक सतरंजी अंथरा आणि गटालाच तिथे बोलवा. तिसरीच्या दोन तुकड्या असतील आणि शेजारच्या बाई तयार असतील, तर रोजचा एक तास दोन्ही वर्गांची मुलं पातळीप्रमाणे वाटून घ्या, काम निम्मं होतं. शाळा सकाळ-दुपार अशी भरत असेल तर तासिका लहान मिळतात, मग गटाची वेळ दहा मिनिटांवर आणा. आणि मुख्याध्यापकांना वर्गातली कुजबुज खपत नसेल, तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. नाहीतर पहिल्याच दिवशी ते दारात उभे राहतील आणि मुलं गप्प होऊन पाठ्यपुस्तक उतरवायला लागतील.

हा सगळा खटाटोप करावा का, अशी शंका तुमच्या प्रश्नात दिसली, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचा बालसखी कार्यक्रम चालला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज साधारण दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि वस्तीतल्याच एका तरुणीने त्यांना पायाभूत वाचन-गणित शिकवायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. या दोघांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. बाहेर गेलेली मुलं चांगली पुढे आली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. जी मुलं वर्गात उरली त्यांचा पट कमी झाला होता, तरी त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. म्हणजे नुसती संख्या कमी होऊन भागत नाही. मूल जिथे आहे तिथून कोणीतरी शिकवलं, तर फरक पडतो. तुम्ही मुलांना सातजणांत बसवून तोच पाठ तसाच पुन्हा शिकवलात, तर गटाचा काही उपयोग नाही.

आता चाचणीबद्दल. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या वाचनाच्या पातळ्या तुम्हाला माहीत आहेतच. पहिल्या चाळणीला त्या चांगल्या आहेत, पण गट करायला पुरत नाहीत, कारण 'शब्द पातळी' म्हटलं की मूल कुठे अडतंय ते कळत नाही. मी एका कागदावर चार ओळी ठेवते: बिनमात्रांचे शब्द, काना-मात्रेचे, वेलांटी-उकाराचे आणि जोडाक्षरांचे. खाली चार वाक्यांचा उतारा. प्रत्येक मुलाला जवळ बोलावून वाचायला लावायचं आणि चुकलेला शब्द त्याने जसा उच्चारला तसाच टिपायचा. तीन-चार मिनिटं लागतात. बाकीचे लिहीत असताना रोज चार-पाच मुलं घेतली तर दोन आठवड्यांत वर्ग होतो.

जसा उच्चारला तसाच टिपायचा, याचं कारण सांगते. एक मुलगी 'हरिण'चं 'हिरण' वाचते. तुम्ही वेलांटी कच्ची म्हणून नोंद कराल. पण आपल्या नागपुरात निम्म्या घरांत हिंदी चालतं, आणि हिंदीत हरणाला हिरणच म्हणतात. ती पहिलं अक्षर बघून ओळखीचा शब्द बोलली असेल. मग तिला 'कविता' द्या. तिने 'किवता' वाचलं, तर अडचण खरंच वेलांटीची आहे. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर, त्यामुळे मूल ती डावीकडच्या अक्षराला चिकटवतं. तिने 'कविता' बरोबर वाचलं, तर वेलांटी येते आणि तिला मराठी शब्दांची गरज आहे. चूक एकच दिसली, तरी अशा दोन मुली वेगळ्या गटांत जायला हव्यात.

तसंच 'शाळा'चं 'शाया' आणि 'पाणी'चं 'पानी'. ही आपल्याकडची बोली आहे, ती वाचनाची चूक धरू नका. मूल अक्षर ओळखून आपल्या घरच्या उच्चारात वाचतंय. आणखी एक हमखास घडणारी गोष्ट. वर्षाच्या मध्येच छत्तीसगड किंवा बालाघाटकडून कामाला आलेल्या घरातलं मूल वर्गात येतं, मराठी प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि आपण त्याला अक्षरओळखीच्या गटात टाकून मोकळे होतो. ते हिंदी शाळेतून आलं असेल तर देवनागरी त्याला येते. 'ळ' नवा असतो आणि मराठी शब्दांचा अर्थ लागत नाही, बस. त्याला पुन्हा 'क' 'ख' गिरवायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

वेगाबद्दलही एक सांगून ठेवते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत शिक्षणाच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला साठ शब्द अर्थासह वाचण्याचं लक्ष्य आहे, त्यामुळे हल्ली घड्याळ लावून वाचून घेतात. जोडाक्षरापर्यंत पोचलेल्या मुलांसाठी ते ठीक. वेलांटीवर अडलेल्या मुलापुढे घड्याळ धरू नका, ते अंदाजाने शब्द ठोकायला शिकतं.

आता उरलेल्या चौतीस जणांकडे येते. पहिले दोन-तीन आठवडे गट घ्यायचाच नाही. त्या वेळात वर्गाला स्वतःचं स्वतः काम करायची सवय लावायची. सुरुवात पाच मिनिटांची. सगळ्यांना एकच सोपं काम द्या, उदाहरणार्थ जोडीत बसून आधीच शिकवलेल्या पाठाचा एक परिच्छेद एकमेकांना वाचून दाखवायचा. तुम्ही खुर्चीवर बसा आणि कोणालाही उत्तर देऊ नका. नुसतं बघा, कोण कशासाठी उठतं. तुमच्या लक्षात येईल की मुलं पेन्सिल तुटली, पाणी प्यायचंय, 'बाई, हा माझी खोडी काढतो' आणि 'बाई, झालं' एवढ्या चारच गोष्टींसाठी येतात. चारही गोष्टींची सोय आधीच करून ठेवता येते. टोक केलेल्या पेन्सिलींचा एक डबा खिडकीत ठेवा. पाण्याला आणि लघवीला न विचारता, एका वेळी एकाने जायचं. भांडण झालं तर आधी गटप्रमुख, आणि तुमच्याकडे तास संपल्यावर. काम झालं तर पुढचं काम कुठे आहे, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं हवं. मग पाचाची आठ मिनिटं करा, आठाची बारा. बारा मिनिटं कोणी हाक न मारता गेली, की पहिला गट घ्या.

या वेळात द्यायचं काम मुलांना आधीच येणारं हवं. तुमचे गट बहुतेक इथेच फिसकटले असावेत. नवीन काम दिलं की मूल अडतं, अडलं की उठतं, आणि एक उठलं की पाठोपाठ दहा उठतात. माहीत असलेला खेळ, माहीत असलेला वाचनाचा प्रकार, फक्त शब्द किंवा आकडे बदललेले, असं काम द्या. शब्दपट्ट्या जुळवून वाक्य करणं, चित्र बघून तीन वाक्यं लिहिणं, जोडीदाराला श्रुतलेखन घालणं, दोन फासे टाकून येणाऱ्या आकड्यांची वजाबाकी. नुसतं उतरवून काढायला देऊ नका. मुलं शांत राहतात हे खरं, पण शिकत काही नाहीत, आणि आठवड्याभरात तेही कंटाळतात.

स्वतः बसताना पाठ भिंतीला लावून बसा. तुमचं तोंड वर्गाकडे आणि गटाचं तुमच्याकडे. गटातल्या मुलांना मागची मस्ती दिसत नाही आणि तुम्हाला मान न वळवता सगळा वर्ग दिसतो. गोष्ट छोटी आहे, पण याने फार फरक पडतो.

आता प्रत्यक्ष गटात काय करायचं. वेलांटी कच्ची असलेल्या सहा जणांचा गट धरू. सुरुवातीची दोन मिनिटं मुलं त्यांना येणारे शब्द वाचतात, 'काका', 'पाटी', 'मामा', कारण गटात आल्या आल्या वाचता आलं की बिचकणारं मूलही सैल होतं. मग पाटीवर मी 'कवता' लिहिते आणि रंगीत खडू एकीच्या हातात देते. 'कविता' म्हणून बघ, इ कुठे ऐकू येतो? 'वि'मध्ये. मग वेलांटीची छत्री कोणाच्या डोक्यावर धरायची? ती 'व'वर धरते. शेजारचा 'क'वर धरतो, तर त्याला ते वाचून बघायला सांगते. 'किवता' वाचून तो स्वतःच हसतो आणि पुसतो. असेच आणखी दोन-तीन शब्द, 'मालिका', 'शनिवार'. हे साधारण पाच मिनिटं.

पुढची चार-पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येकाच्या हातात वेगळी शब्दपट्टी, आणि सगळे एकाच वेळी, हळू आवाजात आपापली पट्टी वाचतात. सुरात नाही. सुरात वाचताना कच्चं मूल इतरांच्या आवाजावर तरंगतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पाळीपाळीनेही नाही, कारण एक वाचतो तेव्हा पाच जण वाट बघत बसतात. मी एकेकाकडे वाकून ऐकते. शेवटी दोन शब्द आणि एक वाक्य लिहायला सांगते, आणि कोण कुठे अडलं ते वहीत एका शब्दात टिपते. संपलं. दुसऱ्या दिवशी याच नोंदीवरून सुरुवात होते.

गणिताचे गट भाषेवरून करू नका. वाचनात मागे असलेलं मूल गणितात पुढे असू शकतं. बाजारात आईच्या हातगाडीवर बसणाऱ्या मुलाला सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी येतो. शिवाय गणितात वही तपासून गट करणं धोक्याचं आहे. ५२ वजा २७ चं उत्तर दोन मुलांनी ३५ काढलं. एकाने सातातून दोन वजा केले, कारण 'मोठ्यातून लहान जातो' एवढंच त्याला माहीत. दुसऱ्याने दशक उसना घेतला, बारातून सात वजा केले, पण पाचचा चार करायला विसरला. वहीत दोघांचं उत्तर सारखंच. पहिल्याला दशकाची कल्पनाच नाही, त्याच्यासमोर खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या ठेवून जुडगा सोडायला लावावं लागतं. दुसऱ्याला सगळं समजतं, त्याला फक्त दशक खोडून वर लिहायची सवय हवी, एका बैठकीत काम होतं. आणि तिसरं एखादं मूल तोंडी सांगितलेलं 'बावन्न' २५ असं लिहितं, कारण कानावर आधी 'बा' पडतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसऐवजी 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. पण अशा मुलांना त्याचा फायदा होताना मी पाहिलाय. म्हणून 'कसं केलंस, सांग' हे विचारल्याशिवाय गणिताचा गट ठरवू नका.

वेळेचं गणित असं बसवा. भाषेच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं सगळा वर्ग एकत्र, तिसरीचाच पाठ. वाचता न येणाऱ्या मुलांनाही तो ऐकू द्या, त्यावर बोलू द्या. गोष्ट समजायला वाचता यायलाच हवं असं नाही, आणि तिसरीच्या भाषेपासून त्यांना तोडलं तर मधली दरी वाढतच जाते. मग बारा-पंधरा मिनिटं एक गट. पहिला महिना दिवसाला एकच. पुढे दोन. सगळ्या गटांना सारखा वेळ देण्याच्या फंदात पडू नका. आठ-नऊ कच्च्या मुलांना तुम्ही रोज हव्यात, मधल्यांना आठवड्यातून दोनदा, पुढच्यांना एकदा पुरतं. समान वाटप दिसायला बरं दिसतं, पण त्यात ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच कमी पडतं.

पुढच्या मुलांना मात्र विसरू नका. त्यांना कायमचे गटप्रमुख करून इतरांना शिकवायला लावणं सोयीचं असतं. दुसऱ्याला समजावताना त्यांचंही पक्कं होतं हे खरं, पण त्यांनाही नवीन शिकायचा हक्क आहे. त्यांच्या बैठकीत उत्तर शोधायला वेळ लागेल असं काहीतरी ठेवा. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांनी लाकडी नंदी फिरवायच्या सणाच्या आठवड्यात मी विचारते: चौघांनी मिळून नंदी फिरवला, ९६ रुपये बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे) मिळाला, पण एकजण अर्ध्यातून घरी गेला, वाटणी कशी कराल? त्यावर पंधरा मिनिटं भांडतात, भागाकारही करतात आणि आपलं म्हणणं वहीत लिहूनही काढतात.

आता तो नाजूक भाग. 'मॅडम, माह्या पोराले काहून वेगळं बसवता?' असं एखादी आई विचारणारच, आणि ती बरोबर विचारते. संत्री, मोसंबी, पेरू अशी गटांना नावं ठेवून काही लपत नाही. कच्चा गट कोणता हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळतं. माझा उपाय असा की दिवसभर मुलं मिश्रच बसतात. पातळीचा गट फक्त त्या पंधरा मिनिटांपुरता, आणि त्याला नाव नाही. फळ्यावर आज सतरंजीवर येणाऱ्यांची नावं लिहिते. त्यात कधी सगळ्यात पुढची मुलं असतात, कधी मधली, त्यामुळे सतरंजीवर बोलावलं जाणं ही शिक्षा वाटत नाही, उलट 'बाई, आमचा नंबर कधी?' असं विचारतात. दर तीन-चार आठवड्यांनी तोच चार ओळींचा कागद नव्या शब्दांसह घेऊन नावं बदला. तीन महिने एकही नाव बदललं नाही, तर गटात जे चाललंय ते बदलायला हवं. आईला मी चाचणीचा जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून दाखवते. 'ढ', 'हुशार' हे शब्द माझ्या वर्गात कोणी वापरत नाही, मीही नाही.

अभ्यासक्रम पूर्ण होईल का, असंही तुम्ही विचारलंत. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मागे पडाल. पण आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते, जुलैभर मुलं तशीही रुळत असतात, तोच काळ सवयी लावायला आणि चाचणीला वापरा. ऑगस्टमध्ये पहिला गट सुरू करा. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली की तासिका आखडतात आणि ऊन चढलं की मुलं थकतात, त्यामुळे गटाचं जोरदार काम फेब्रुवारीपर्यंतच होतं असं धरून चाला. आत्ता वर्ष मध्यावर असेल तर सगळे गट एकदम काढू नका. वर्गाला बारा मिनिटांची सवय लावा आणि फक्त त्या आठ-नऊ जणांचा एकच गट घ्या, पण रोज. तुमच्या चाचणीत ही मुलं नेमकं काय वाचतात ते शब्दांसकट लिहून कळवा, मग सुरुवात वेलांटीपासून करायची की त्याही आधीपासून, ते आपण मिळून ठरवू.